नवरीची हरकत

हाइनबुर्गच्या गढीत मी एकवीस वर्षं शिवणकाम केलं. आमच्या खोऱ्यात आता ही हकीकत सांगतात तेव्हा आपोलोनियाला पार चेटकीण करून टाकतात. तिच्या डोळ्यांतून म्हणे हिरवा उजेड पडायचा. डोळे साधे तपकिरी होते, आणि रडली की नाक लाल व्हायचं. मी तिच्या कमरेला फीत लावली आहे. तिनं केलं ते वाईट केलं, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तेव्हा माझ्याकडून ऐका.

सुरुवात दुधापासून करावी लागेल. एडर नदीच्या पलीकडे एक विधवा सरदारीण होती. तिला मुलगी झाली, तिचं नाव सिबिला. त्याच आठवड्यात तिच्या गढीतल्या धोबिणीलाही मुलगी झाली, ती आपोलोनिया. सगळे तिला लोनी म्हणत. सरदारणीला दूध येईना, म्हणून धोबिणीला वर बोलावलं. दीड वर्ष ती वरच राहिली, सिबिलाला पाजत. आणि तिची स्वतःची पोर खाली, एका म्हातारीच्या झोपडीत, शेळीच्या दुधावर.

"आई रविवारी भेटायला यायची," लोनी मला एकदा म्हणाली, "तेव्हा तिच्या अंगाला सिबिलाचा वास यायचा. मला आठवायला नको, इतकी मी लहान होते. पण मला आठवतं, मावशी. मी तिला जवळच जाऊ द्यायची नाही."

पुढे लोनी सिबिलाची दासी झाली. केस विंचरायचे, झग्याच्या मागच्या नाड्या आवळायच्या, फाटलं तर टाके घालायचे. सिबिला वाईट मुलगी नव्हती. उलट जीव लावायची. स्वतःचं अर्धं खाल्लेलं पेअर पुढं करायची, "घे ना लोनी, गोड आहे!" जुने झगे द्यायची, जुने बूट द्यायची. लोनी ते घ्यायची आणि आतल्या आत जळायची. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं, असं ती म्हणायची. प्रेमानं दिलेल्या उष्ट्याला तोंड वाकडंही करता येत नाही.

दोघी एकोणीस वर्षांच्या झाल्या तेव्हा सिबिलाचं लग्न आमच्या धाकट्या सरकारांशी, योस्टशी, ठरलं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. मोठं युद्ध संपून वीस वर्षं झाली होती, पण दोन्ही घरांत माणसं मोजकीच उरली होती आणि वऱ्हाडाचा थाट कुणाला झेपणारा नव्हता. सिबिलाची आई अंथरुणाला खिळलेली. तिनं आपली मोहर उठवलेलं, ओळख पटवणारं पत्र दिलं, सिबिलाची पांढरी घोडी ब्लांका दिली, लोनीला दिली, आणि बरोबर एक म्हातारा कारभारी. तो दुसऱ्या दिवशी तापानं फणफणला आणि वाटेवरच्या सराईत पडून राहिला. आमची गढी आता एका दिवसाच्या वाटेवर होती. त्यानं पत्र लोनीच्या हाती दिलं आणि म्हणाला, "हरवू नकोस गं. हिची जबाबदारी तुझ्यावर." तो पुढे त्याच तापात गेला.

दुपारी रानात ओढा लागला. सिबिला घोडीवर होती, लोनी खेचरावर.

"लोनी, पाणी दे ना. पेला त्या पिशवीत आहे."

लोनी खेचरावरून हलली नाही. "उतर आणि पी," ती म्हणाली.

सिबिला आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा चालली आहे. "असं काय करतेस? उन्हानं घसा कोरडा पडलाय."

"मग वाक की. ओणवं होता येतं ना? मला एकोणीस वर्षं येतंय."

आजवर 'तुम्ही' म्हणणारी पोर 'तू'वर आली, तेव्हा सिबिलाचा चेहरा उतरला. ती घोडीवरून उतरली, ओणवी झाली, ओंजळीनं पाणी प्यायली. झग्याचा घोळ भिजला. त्या घडीपर्यंत आपल्या मनात दुसरं काही नव्हतं, असं लोनी शपथेवर सांगते. पण तिला तशी चिखलात वाकलेली पाहिली आणि लोनीला कळलं की आपल्याला याहून जास्त हवं आहे. सगळंच हवं आहे.

तिनं झगे बदलायला लावले. सिबिला घाबरली होती, आणि खरी गंमत अशी की तिला स्वतःच्या नाड्या सोडता येईनात. त्याही लोनीनंच सोडल्या.

"मी ओरडेन," सिबिला म्हणाली.

"ओरड. पत्र माझ्याकडे आहे. गढीवर कुणी तुला पाहिलेलं नाही, मलाही नाही. बघू कोणाचं खरं मानतात." मग लोनीनं तिच्याकडून उघड्या आभाळाखाली शपथ घेववली, की ही गोष्ट ती कुठल्याही माणसाला सांगणार नाही. सिबिला शपथ मानणारी होती. नरकाला भिणारी होती. लोनीला ते ठाऊक होतं. एकोणीस वर्षं तिची प्रार्थना तीच तर ऐकत आली होती.

अशी ती आमच्या दारात आली. जूनचा महिना. मी वरच्या खिडकीत सुईत दोरा ओवत होते. धाकटे सरकार गुडघ्यापर्यंत चिखलात, तबेल्यातून तसेच धावत आले. हातात टोपी, आणि टोपीत रानातल्या स्ट्रॉबेऱ्या. नवरीसमोर काय बोलावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी टोपीच पुढे केली.

"आत्ताच खुडल्या. एकसुद्धा खाल्ली नाही मी," ते म्हणाले.

सगळे हसले. लोनी हसली नाही. ती त्या टोपीकडे बघतच राहिली, आणि तिथेच, सर्वांदेखत, एकेक करून सगळ्या खाल्ल्या. मला वाटलं, सरदाराच्या लेकीला ही काय हावरट खोड! आता मला वाटतं, त्या टोपीपाशीच ती फसली. आली होती नाव चोरायला. पण तो माणूस तिला आवडून बसला.

दुसऱ्या दिवशी मी तिला लग्नाचा झगा घालून पाहिला. तिच्या आईकडून आलेल्या मापावर शिवलेला. कमरेला चार बोटं कमी. आणि दंडांत तर शिवण तटतटली. मी तिचा हात वर केला तेव्हा बोटांची टोकं दिसली. वर्षानुवर्षं सुई चालवणाऱ्याच्या बोटाला जे बारीक टणक ठिपके पडतात, ते मला कोण शिकवणार?

"बाईसाहेब, टाके बरेच घातलेले दिसतात," मी म्हणाले.

ती पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली, "उर्सेल मावशी, झगा मोठा करता येईल?"

"झगा येईल," मी म्हणाले.

मी गप्प का बसले, असं मला पुष्कळांनी विचारलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. आपल्यातली एक कुणी त्या पायऱ्या चढून गेली, याचं बरं वाटलं. आदल्या दिवशी खाली अंगणात दुसरी एक मुलगी उभी होती, गोरी, नाजूक, हात कुठे ठेवावेत हे न कळणारी, तिच्याकडे मी पाहिलंच नाही. हा माझा गुन्हा. थोरल्या सरकारांनी, योस्टच्या वडिलांनी, खिडकीतून विचारलं, "ही कोण तुझ्याबरोबर?" लोनी म्हणाली, "वाटेत सोबतीला घेतली. काहीतरी काम द्या तिला, बसून राहायची सवय लागायला नको." तर तिला हंस दिले. आमच्याकडे गढीचे दीड-दोनशे हंस असत, पिसांसाठी आणि संत मार्टिनच्या सणाच्या जेवणासाठी. त्यांना कुरणात न्यायचं आणि आणायचं.

आता सुखानं राहायला लोनीला कुणी अडवलं होतं? थोरले सरकार तिच्यावर खूश. योस्ट तर तिच्या मागे मागे. तिला घोड्यावर बसायला शिकवत, ती पडली की स्वतःच आधी ओरडत. लग्न नोव्हेंबरात, सणाच्या आठवड्यात ठरलेलं. पण ते तिला हाक मारत, "सिबिला!" तेव्हा तिचा चेहरा क्षणभर असा होई, जणू मागे कुणी उभं आहे आणि हाक त्या दुसरीला आहे.

"मावशी, गोड बोलतात तेव्हा तिच्या नावानं बोलतात," ती एकदा माझ्याजवळ म्हणाली. तोवर आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "काल मला म्हणाले, 'सिबिला, तुझ्याशिवाय मला करमत नाही.' मला वाटलं, त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. दूध तिनं प्यायलं, आता हेही तिलाच!"

"नाव तूच घेतलंस, पोरी."

"घेतलं. पण ते माझं होत नाही ना."

आणि ती घोडी. ब्लांका लोनीला अंगाला हात लावू देईना. पण संध्याकाळी हंस घेऊन सिबिला तबेल्यावरून जायची, तेव्हा ती दारावर मान टाकून अशी खिंकाळायची की सगळे मोतद्दार वळून बघत. योस्ट घोड्यांचे वेडे. ते म्हणाले, "काय नवल आहे! नवरीची घोडी, आणि लळा हंसवालीचा."

ते वाक्य लोनीच्या मनात काट्यासारखं रुतलं. तीन दिवस तिनं जेवण टाकलं. चौथ्या दिवशी योस्टना म्हणाली, की ही घोडी घातकी आहे, वाटेत तिनं आपल्याला दोनदा खाली टाकलं, तिसऱ्यांदा मारूनच टाकील. योस्ट म्हणाले, विकू या. ती म्हणाली, "नको. मला तिची भीती वाटते. ती जगात कुठेही असली तरी वाटेल."  योस्टनी स्वतः जाऊन घोडीला दावणीतून सोडलं, नाल्याकडे घेऊन गेले, दुसऱ्या कुणाच्या हाती देईनात. परत आले तेव्हा हात धूत राहिले. त्या दिवशी लोनीशी ते नेहमीसारखंच गोड बोलले, आणि ते तिला सहन झालं नाही.

कातडं चांभाराच्या भिंतीवर ताणून लावलं होतं. सिबिला हंस घेऊन तिथून जायची तेव्हा थांबायची, कातड्याला गाल लावायची आणि पुढे जायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. मी लोनीला जाऊन सांगितलं, "हे तू वाईट केलंस. बाकीचं मी पोटात घातलं, हे घालणार नाही."  ती टाके घालत बसली होती, तशीच बसली.

ऑगस्टात हंस योस्टच्या जवाच्या शेतात शिरले. ते हाकलायला गेले आणि जेवताना हसत सांगू लागले, "ती हंसवाली मुलगी चमत्कारिक आहे. मी ओरडलो, तर तिनं माफी मागितली कशी, जणू मेजवानीत कुणाच्या पायावर पाय पडलाय! आणि केस काय आहेत तिचे. उन्हात सोडून बसली होती."

"केस?" लोनी म्हणाली.

"पिवळेधमक."

तेवढंच. योस्टच्या डोक्यातून ते तिथेच गेलं असतं, ही मी पैज लावते. पण दुसऱ्या दिवशी लोनीनं विचारलं, "आज कुरणाकडून आलात का?" तिसऱ्या दिवशी, "तिनं आज केस बांधले होते की मोकळे?" आठवड्यानं, "तुम्ही तिच्याशी बोललात. माझ्याकडे बघून सांगा, बोललात ना?"

"अगं, मी ओढ्यावरून आलो! तिकडे गेलोच नाही!"

"मग आज ओढ्यावरून का आलात? रोज तर कुरणावरून येता."

रोज कानावर पडलं की माणूस बघायला लागतो. योस्टही बघायला लागले. बघितलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की ही मुलगी भाकरी हातानं तोडते पण तुकडा सरदारांच्या पंगतीत ठेवतात तसा ठेवते. कुणी विचारलं, तू कुठली, तर ओठ मिटून घेते. आणि प्रेमात वगैरे ते मुळीच पडले नाहीत, हे मी सांगते. पण कोडं पडलं होतं. आणि ते कोडं घेऊन ते रोज जेवायला लोनीसमोर बसत.

ऑक्टोबर संपता संपता चर्चमध्ये लग्नाची घोषणा सुरू झाली. आमच्याकडे सलग तीन रविवार पाद्री व्यासपीठावरून दोघांची नावं वाचतो आणि विचारतो, कुणाची हरकत आहे का. पहिल्या रविवारी पाद्रीबाबांनी वाचलं, "हाइनबुर्गचे योस्ट आणि कुमारी सिबिला." लोनी पुढच्या बाकावर. मागे दाराशी, मोलकरणींत, सिबिला. आपलं नाव ऐकून तिनं मान वर केली. लोनीनं वळून ते पाहिलं.

दुसऱ्या रविवारानंतर ती माझ्या खोलीत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मावशी, देवासमोर नाव घेतात ते कुणाला लागतं? ज्याचं असतं त्याला, की जो उभा असतो त्याला?"

"मला विचारू नको. मी बाह्या शिवते."

"तो देवासमोर म्हणणार, मी सिबिलाला पत्करतो. मग ती तिथे मागे उभी असताना तो तिचाच झाला ना? मी नुसती मधे उभी. पुन्हा शेळीच्या दुधावर." तिचं नाक लाल झालं होतं. "त्यानं एकदा, एकदाच, मला माझ्या नावानं हाक मारावी. मग मला बुडवून टाका."

"सांगितलंस तर हाक नाही मारणार. थुंकेल."

"माझ्यावर थुंकेल ना? तिच्यावर नाही ना?"

 असला मत्सर मी कधी पाहिला नव्हता. तो तिला थुंकीसुद्धा वाटून देऊ देत नव्हता.

तिसरा रविवार. बाहेर धुकं, आत मेणबत्त्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास. पाद्रीबाबांनी नावं वाचली, हरकत विचारली, आणि सवयीनं पान उलटलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची नवरी उभी राहिली.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

आधी कुणाला काही कळलंच नाही. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काय म्हणाली?" आणि त्याच्या सुनेनं त्याला गप्प केलं.

"मी सिबिला नाही. मी तिची दासी आपोलोनिया, धोबिणीची मुलगी. सिबिला मागे दाराशी उभी आहे. मी तिचे कपडे घेतले, पत्र घेतलं, आणि तिला धाक घालून शपथ घेववली. घोडीनं मला कधी पाडलं नाही. ती तिला ओळखत होती, म्हणून मी मारवली."

योस्ट उठले. त्यांनी तिचा दंड धरला, प्रेमानंच. "हिला बरं नाही. चार रात्री झोपली नाही. सिबिला, बस खाली. पाणी आणा कुणीतरी."

थोरले सरकार मागे वळले. "ए पोरी, तू. हे खरं आहे का?"

सिबिलानं तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ होती ना. सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं आणि ती भिंतीसारखी उभी.

"बघा," योस्ट म्हणाले, "ती काहीच म्हणत नाही. चल, घरी चल."

त्या क्षणी लोनी नुसती खाली बसली असती तरी निभावलं असतं. ताप आला म्हटलं असतं, दोन दिवस अंथरुणात राहिली असती, सणाला लग्न लागलं असतं. मी मनात म्हणत होते, बस, वेडे, बस. तिनं योस्टचा हात दंडावरून काढला आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "सिबिला, मी तुला शपथेतून सोडते. त्याच आभाळाच्या साक्षीनं सोडते. बोल."

आणि सिबिला बोलली. हळू, स्पष्ट, सगळं. ओढा, झगा, पत्र, आईच्या मोहरेवर काय कोरलंय ते. शेवटी म्हणाली, "घोडीचं नाव ब्लांका होतं. मी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं."

योस्टचा चेहरा तेव्हा बदलला. ते लोनीकडे वळले.

"माझ्या हातानं," ते म्हणाले. "तू माझ्या हातानं तिला मारवलंस."

"हो."

तिला वाटलं होतं, रागानं का होईना, ते तिचं नाव घेतील. त्यांनी घेतलं नाही. ते तिच्या शेजारून, जणू बाक आहे असे, निघून गेले.

गढीवर न्यायाला बसले. थोरले सरकार रागानं जांभळे झाले होते; ते म्हणाले, पोत्यात घालून एडरमध्ये टाका. मग रीतीप्रमाणे त्यांनी सिबिलाला विचारलं, कारण गुन्हा तिच्याविरुद्ध झाला होता. तिला एव्हाना माझ्याच हातचा एक चांगला झगा घातला होता, पण हात अजून हंसांनी चावलेले, लाल होते.

"मला तिचा जीव नको," सिबिला म्हणाली. "मला दूध पाजलेल्या दाईला ती एकच मुलगी आहे. माझे हंस आहेत, ते तिला द्या. राखेल ती. आणि मला घरी जायला घोडा द्या."

"घरी? आणि लग्न?" थोरले सरकार म्हणाले.

सिबिलानं योस्टकडे पाहिलं. रागानं नाही, मोकळेपणानं पाहिलं. "पाच महिने मी यांच्या दारात होते. घोडीला कळलं, यांना नाही कळलं. असा नवरा घेऊन मी काय करू?"

योस्टनी मान खाली घातली. आणि लोनी, दोन पहारेकऱ्यांच्या मधे उभी, हात बांधलेले, जीव नुकता वाचलेला, तिचे डोळे आगीसारखे पेटले. नंतर मला म्हणाली, "ज्याच्यासाठी मी नरक पत्करला, ते तिनं अर्ध्या खाल्लेल्या पेअरसारखं बाजूला सारलं, मावशी! तिला नकोच होतं! मला वाटलं, तिचे केस उपटावेत."

थोरल्या सरकारांनी आपल्याकडून भर घातली. तीन रविवार गवताचा मुकुट घालून चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहायचं. पोरं तिच्यावर चिखल मारत. ती उभी राहिली. तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून कुरणात गेली.

सिबिला घरी गेली, आईमागून तिनं गढी चालवली, आणि उत्तम चालवली म्हणतात. योस्ट तो हिवाळा रानातल्या शिकारीच्या घरी जाऊन राहिले. वसंतात परतले तेव्हा वडिलांनी नव्या मुली दाखवायचा सपाटा लावला. गाड्या यायच्या. कुरण रस्त्याला लागूनच. लोनी हंसांमधे उभी राहून प्रत्येक गाडी बघायची, आणि संध्याकाळी माझी झडती. "आज आलेली ती बुटकी कोण? हसताना दात दिसतात तिचे. ते तिच्याशी नाचले का? किती वेळा?"

"तुला काय करायचंय? तू हंस राख."

"राखते आहे. किती वेळा ते सांग."

मे महिन्यात एका दुपारी योस्ट कुरणावरून चालले होते. सहा महिन्यांत त्यांनी तिच्याकडे मान वळवली नव्हती. मी ओढ्याकाठी तागाचं कापड उन्हात पसरत होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं. लोनीनं काठी रोवली आणि रस्त्यात उभी राहिली. नमस्कार नाही, माफी नाही.

"काल हिरव्या झग्यात आली होती ती कोण?"

योस्ट थबकले. "तुला विचारायचा काय अधिकार?"

"काही नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"विचारल्याशिवाय घास जात नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. एक हंस त्यांच्या बुटाला चोच मारत होता. मग ते म्हणाले, "घोडीला का मारवलंस? खरं सांग. चर्चमधलं नको."

"ती रोज तिला हाक मारायची," लोनी म्हणाली. "मला कुणी हाक मारायचं नाही. मला जनावराचाही हेवा वाटला. त्याला माफी नाही, मला माहीत आहे. मी मागतही नाही. तुम्ही हात धुवत होतात ते मी खिडकीतून पाहिलं. ते मला रोज दिसतं."

योस्ट रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.  मग ते म्हणाले, "हिरव्या झग्यातली माझी आतेबहीण. तिचं लग्न झालंय. तिला तीन मुलं आहेत."

"बरं," लोनी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असा काही जीव आला की योस्टना हसू फुटलं. हसले आणि स्वतःवरच चिडले, उठून चालते झाले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा त्याच वाटेनं आले.

असं दोन वर्षं चाललं. माफी एका दिवसात झाली नाही. मधे त्यांनी तीन महिने ती वाट टाकली होती, कारण तबेल्यात एक पांढरं शिंगरू जन्मलं आणि ते पाहून त्यांना सगळं पुन्हा आठवलं. पण आले. शेवटी त्यांनी वडिलांना सांगितलं, लग्न करीन तर लोनीशीच. थोरल्या सरकारांनी गढी योस्टच्या धाकट्या भावाच्या नावे केली आणि योस्टना रानाच्या कडेचं लाकूड चिरायचं घर दिलं, वर तोंड न दाखवण्याची आज्ञा. त्यांचं लग्न शेजारच्या गावातल्या छोट्या चर्चमध्ये लागलं. माणसं मोजून सात.

मी आता म्हातारी झाले, नजर गेली, सुई सुटली. गेल्या पानगळीत त्यांच्याकडे आठ दिवस राहून आले. योस्टच्या दाढीत भुसा असतो, लोनीचे केस पांढरे झालेत. मी आलुबुखाराचा केक केला होता. योस्टनी दुसरा तुकडा घेतला आणि म्हणाले, "उर्सेल, असा केक मी जन्मात खाल्ला नाही."

लोनी चुलीजवळ होती. ती वळली.

"जन्मात नाही?" ती म्हणाली. "परवा माझा खाल्लात तेव्हा काय म्हणाला होतात?"

"लोनी, अगं, ही साठ वर्षांची बाई आहे!"

"वय कोण विचारतंय? काय म्हणाला होतात ते सांगा."

मी पोट धरून हसले. तिनं माझ्यासमोरून ताट उचललं, आत नेऊन ठेवलं आणि कपाटाचं दार धाडकन लावलं. योस्टनी तिच्यामागे जाऊन काहीतरी कानात सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं ती स्वतःच्या केकचा मोठा तुकडा घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खा, मावशी. आणि खरं सांग, कुणाचा चांगला झालाय?"